पहिले चार सेकंद

गाणं सुरू व्हायच्या आधी
जी घरघर ऐकू येते ना, ती माझ्या फ्रिजची.
ग्रिम्झबी, मासळीच्या धक्क्यामागची गल्ली,
तळमजला, स्वयंपाकघर, रात्रीचे दोन.
लंडनच्या स्टुडिओत कुणा शहाण्यानं
ती पुसून टाकली होती म्हणे.
ऑटिली हटून बसली : घरघर नाही तर गाणं नाही.

ऑटिली ब्लँशर्ड. माझी भाडेकरू.
वरची खोली, आठवड्याला पंचेचाळीस पौंड,
त्यातले सतरा आठवडे बाकी.
दिवसा कारखान्यात हॅडकचे काटे काढायची,
रात्री बोटांना लिंबू चोळून गिटार.
वास जायचा नाही. मी म्हणायचे,
असू दे, बाई, या गावात प्रेमालाही तोच वास येतो.
हे वाक्य तिनं घेतलं नाही.

घेतलं ते ताट.
सिरिलचं. वर पालथी बशी घालून
तिसऱ्या खणात, एकोणीस वर्षं, दर शुक्रवारी.
तो बुडाला नाही. लोकांना बुडालेला नवरा आवडतो,
म्हणून आधीच सांगते.
बोट सुखरूप लागली, तो उतरला
आणि नदीचं तोंड ओलांडून हलला गेला,
केस कापणाऱ्या एका बाईकडे.
मी मात्र शुक्रवारी दोघांचं रांधत राहिले.
हाताला सवय. हाताला कोण समजावणार?
शनिवारी सकाळी मीच ते उभ्यानं खायचे.

ऑटिलीनं कधी विचारलं नाही.
फक्त दूध काढताना ती बशी
झोपलेल्या माणसाचा हात सरकवावा
तशी बाजूला करायची.

आता तेच साडेतीन मिनिटांत.
टॅक्सीत, दातांच्या डॉक्टरकडे,
फुटबॉलच्या मध्यंतरात भोंग्यावरून.
टपालाच्या रांगेत एक पोरगी
खांद्यावरच्या बाळाला थोपटत गुणगुणते :
झाकून ठेवलंय, झाकून ठेवलंय.
रेडिओवरचा माणूस म्हणाला,
तरुण मनाच्या पहिल्या विरहाचं गाणं.
मी बटाटे सोलत होते. म्हटलं, बरं.

एकच सांगते. दुसऱ्या कडव्यात वाटाणे आहेत.
वाटाणे नव्हते. सलगम होता, लोणी घालून कुस्करलेला.
फोनवर तिला म्हटलं तर म्हणाली,
"सलगम चालीत बसत नव्हता, एनिड."
मग पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग, "रागावलीस?"
मी म्हटलं, सिरिलही कशात बसत नव्हता.
हसलो दोघी. ती जरा जास्तच.

चेक आला. सतरा आठवडे, आणि वर एवढी शून्यं
की मी चष्मा पुसला.
भाडं ठेवून घेतलं,
उरलेल्याचा चेक लिहून परत पाठवला.
शेजारची मर्ना म्हणाली, वेडी आहेस,
गाणं तुझं आहे.
नाही गं. ताट माझं. बशी माझी.
पण ती उचलून
अख्ख्या देशाला वाफ दाखवणं
मला कधी जमलं असतं?

गाणं तिसऱ्या क्रमांकावर गेलं त्या आठवड्यात
फ्रिजनं एक उचकी दिली आणि गप्प झाला.
दोन पोरं आली, दारातून तिरका करून नेला.
त्यातला एक शीळ घालत होता, तीच चाल.
आपण काय उचललंय, त्याला ठाऊक नव्हतं.
मीही सांगितलं नाही. जिन्याची पायरी सांभाळ, एवढंच म्हटलं.

नवा फ्रिज उंच आहे, आवाज करत नाही.
शुक्रवारी एखादा बटाटा जास्त होतो, फार नाही.
पण रात्री दोनला घर इतकं गप्प असतं
की झोप उडते.
मग खाली येते, दिवा न लावता
तिनं पाठवलेली रेकॉर्ड लावते.
घरघर. एक, दोन, तीन, चार.
आणि ऑटिली तोंड उघडायच्या आत
सुई उचलते.